मार्थाची कंबर कधी गेली

"डॉक्टर, तुमी मना फसवलं. माझ्या कमरेचा फोटो काढला, उजेडात धरून बघितला, पन मना एक सवाल केला नाय. इचारल्याबिगर उत्तर देऊन मोकळे झाले. हा हक तुमाला कोनी दिला?"

मार्था हे सगळं कुकरला सांगत होती. कुकरने शिट्टी दिली, तेवढंच उत्तर.

"मम्मी, उद्या दवाखान्यात असंच बोलणार?" रिचेलने कांदा चिरता चिरता विचारलं.

"असंच बोलनार. त्याच्या टेबलावर हात आपटून बोलनार."

"हात आपटलात तर कंबर धरेल."

"मग बसून बोलनार."

सुनेने हसू कांद्यात लपवलं. मार्थाने गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. डाव्या कुल्ह्याच्या वरून कुणीतरी गळ घालून ओढावं तशी कळ निघाली, पाठीत चढली, मग जरा सैल पडली. पट्टा बांधलेला होता. रविवारच्या मिस्सेला नेसलेल्या साडीवरून बांधलेला, करड्या रंगाचा, जाड, चार पट्ट्यांचा पट्टा. चर्चमध्ये लोक आता आधी पट्ट्याला बघून मान हलवायचे आणि मग मार्थाला.

त्या डॉक्टरची गंमत अशी होती. पहिल्या भेटीत तो फोटो बघून म्हणाला, "डोक्यावर पाट्या वाहून मणके झिजलेत. धंदा बंद केलात ते उत्तम केलंत." मग गोळ्या झाल्या, शेक झाला, तेल झालं, विजेचे झटके झाले. दुखणं जागचं हललं नाही. तेव्हा गेल्या आठवड्यात त्याने तोच फोटो पुन्हा उजेडात धरला आणि म्हणाला, "मणके तुमच्या वयाला शोभतील असेच आहेत. काही विशेष नाही. हे दुखणं मनातून येतंय. मनाच्या डॉक्टरांना दाखवा." फोटो तोच, डॉक्टर तोच, फी पण तीच. फक्त मार्थाची कंबर हाडांतून उठून मनात गेली, आणि जाताना तिला कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून फुलपाड्याच्या या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन पक्ष पडले होते. मुलगा डेरिक पहिल्या निकालाचा. आईचे मणके मच्छीच्या पाटीने झिजले, विषय संपला. मुलगी प्रिसिला कोणत्याच निकालाची नाही, ती नुसती संतापलेली. आणि मार्थाच्या नवऱ्याचं, बेनेडिक्टचं, मत ज्याच्या हातात चहाचा कप असेल त्याच्या बाजूने.

जेवायला सगळे बसले तेव्हा टेबल म्हणजे हाडांचा वॉर्डच दिसत होता. बेनेडिक्टने गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. डेरिकच्या गळ्यात पांढरी कॉलर होती, बँकेत डेप्युटी मॅनेजर झाल्यापासूनची. प्रिसिला राजोडीहून खास आली होती, तिने खुर्चीत शिरण्याआधी स्वतःची उशी मागे लावली. धडधाकट अशी एकटी रिचेल, म्हणून वाढायला तीच.

"मी एक विचारते," प्रिसिला म्हणाली. "मम्मी वेडी आहे का?"

"वेडी कोण म्हणालं?" डेरिकने कोंबडीचा रस्सा ओढून घेतला. "मनाचं म्हणाला."

"मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचाच ना. उद्या राजोडीत कळलं तर माझ्या गेस्टना काय सांगू? त्यांना नाष्टा देणारी बाई वेडी आहे?"

"तुझ्या गेस्टना नाष्टा मी का देईन?" मार्थाने विचारलं.

प्रिसिलाने भाकरी मोडली. हा मुद्दा तिला जेवणानंतर काढायचा होता. राजोडीला समुद्राजवळच्या घराच्या तीन खोल्या तिने शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या, आणि आईने तिकडे राहायला यावं असं तिच्या मनात होतं. "मी म्हणते, मम्मी माझ्याकडे होती ना आठ दिवस, ईस्टरनंतर? एकदा तरी कंबर दुखली का? विचारा."

"तिकडे तू तिच्याकडून चादरी धुवून घेत होतीस," डेरिक म्हणाला.

"हो, घेत होते. बादल्याच्या बादल्या. मग तेव्हा का नाही दुखली?"

"दुखली असेल. सांगितलं नसेल."

"तुझ्याकडे सोफ्यावर बसून दुखते आणि माझ्याकडे चादरी पिळून दुखत नाही. म्हणजे दोष कुठल्या घराचा, तूच सांग."

"ऑर्थोपेडिक सोफा आहे तो. किती हजारांचा आहे माहीत आहे का?"

"तरीच."

बेनेडिक्टने घसा साफ केला. आयुष्यभर दर्या कापलेला माणूस, पण जमिनीवर आल्यापासून फार सावध बोलायचा. "माझ्या गुडघ्याचं कोनी इचारत नाय," तो म्हणाला.

कुणी विचारलं नाही.

मार्था भात कालवत होती आणि ऐकत होती. तिच्याबद्दल सगळे बोलत होते, फक्त तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. घरात नवा फ्रीज आला होता तेव्हा असंच झालं होतं. कुठे ठेवायचा यावर तासभर चर्चा, आणि फ्रीज मध्येच उभा.

"मुख्य विषयावर येऊ," डेरिक म्हणाला. हे वाक्य तो बँकेतून घरी आणायचा. "चार वाजता क्लेमेंटीनमावशी येणार. थेरेसामावशीला घेऊन. मम्मीच्या बाजारातल्या जागेचं आज मिटवून टाकू. पावसाळ्याची बंदी उठतेय, बोटी पुढच्या आठवड्यात दर्यात जातील, फादर आशीर्वाद द्यायला येणार म्हणालेत. मच्छी यायला लागली की जागा रिकामी ठेवून चालणार नाही, बाजारातल्या बायका कुणालाही देतील. त्यापेक्षा क्लेमेंटीनमावशीच्या सुनेला आपण मानाने देऊ. पप्पा?"

"माझी काय ना नाय," बेनेडिक्ट म्हणाला. लग्नापासून बायको पहाटे तीनला उठायची आणि भांडी वाजवत निघायची. ती घरी बसल्यापासून त्याला पहिल्यांदाच झोप म्हणजे काय ते कळलं होतं. जागा त्याच्या आईची होती, पण झोप त्याची स्वतःची होती.

"प्रिसिला?"

"द्या. मम्मी मोकळी झाली की राजोडीला..."

"रिचेल?"

रिचेल भात वाढत होती. "मम्मींना विचारा," ती म्हणाली.

"मम्मी तयारच आहे. हो ना, मम्मी?"

मार्थाने मान हलवली. आणखी काय करणार? विरारच्या बाजारात, पश्चिमेच्या दाराजवळ, खांबाला लागून असलेली ती हातभर जागा तिच्या सासूने तिला दिली होती. सासूला तिच्या सासूने. पहाटे अर्नाळ्याच्या टेम्पोतून उतरायचं, पाट टाकायचा, त्यावर बसायचं, मग दुपारपर्यंत जग समोरून जायचं आणि तिच्याशी भांडून जायचं. गिऱ्हाईक पापलेटाचा कल्ला उघडून बघायचं आणि मार्था त्याच्या सात पिढ्या उघडून बघायची. ती जागा गेली तर मार्था कोण? चौथ्या मजल्यावरची पट्टेवाली म्हातारी. पण कमरेने बसवत नव्हतं, हेही खरं होतं. खोटं दुखत असतं तर तिने कधीच सोडून दिलं असतं दुखायचं. तिला कामं होती.

चारला बेल वाजली. क्लेमेंटीन आधी आत आली, मग तिचा आवाज आला, असं कधी झालं नव्हतं, आजही नाही. लिफ्टपासूनच ऐकू येत होती. "आगो मार्थे, काय ही तुमची लिफ्ट, आरशात माझा चेहरा बघून मीच दचकले." तिने सुक्या बोंबलांची पिशवी रिचेलच्या हातात दिली. मागून थेरेसा, बाजारातली सगळ्यात जुनी, पांढऱ्या केसांची, तोंडात कमी शब्द आणि कमी दात.

दोघी ऑर्थोपेडिक सोफ्यावर बसल्या आणि लगेच उठल्या. "खाली बसतो," थेरेसा म्हणाली. "हा गिळतो माणसाला."

चहा झाला. बिस्किटं झाली. क्लेमेंटीनने स्वतःच्या नव्या सुनेचं कौतुक केलं. पोर चुणचुणीत आहे, बोंबील साफ करायला बसली की बघत राहावं, फक्त बसायला जागा नाही बिचारीला. बोलता बोलता तिची नजर घरभर फिरत होती. पाट शोधत होती. पाट बेनेडिक्टच्या पायाखाली होता, गुडघा शेकताना पाय टेकायला त्याने घेतला होता.

"काढ," मार्था म्हणाली.

बेनेडिक्टने पाय काढला. मार्थाने पाट उचलून मांडीवर घेतला. सागाचा, मधोमध खड्डा पडलेला, तीन बायांच्या बसण्याने पडलेला. कोपऱ्यात अजून एक खवला चिकटलेला होता, तो तिने नखाने काढला आणि पदराला पुसला.

बाजारात जागेला कागद नसतो. सून बसणार नसेल तर जागा दुसरीला देता येते, पण देणारीने पाट हातात द्यायचा आणि दोन बायांसमोर तोंडाने कारण सांगायचं. नुसतं "घे" चालत नाही. कारण सांगितलं नाही तर उद्या हिची नात बाजारात उभी राहील आणि म्हणेल, माझ्या आजीला तुम्ही उठवलं. म्हणून कारण हवं, आणि खरं हवं. थेरेसा ते बाजारात जाऊन जसंच्या तसं सांगणार आणि मग ते कायमचं.

"बोल मार्थे," थेरेसा म्हणाली. "कारन सांग."

"कंबर गेली," मार्था म्हणाली. "कंबर गेली म्हनून धंदा सुटला. बसवत नाय. म्हनून जागा क्लेमेंटीनच्या सुनेला..."

"थांब. कंबर कवा गेली?"

"कवा म्हंजे? धंदा करीत होते तवाच. पाटी वाहून वाहून. डॉक्टर बोलला तसा."

थेरेसाने नाक चोळलं. "नाय," ती म्हणाली.

"मावशी, आता कशाला खोदायचं?" क्लेमेंटीन घाईने म्हणाली. तिचे दोन्ही हात पाटासाठी पुढे आलेले होते. "दुखतंय तर दुखतंय. बघा तरी तो पट्टा."

"मना तिकडे जाऊन सांगायचं हाय. खोटं सांगितलं तर माझी जीभ झडेल. मार्था कंबर धरून कवा बसलेली मी बघितली नाय."

"मी पन नाय बघितली," क्लेमेंटीन म्हणाली, आणि इथे तिचा घात झाला. तिच्यासमोर दोन गोष्टी होत्या, एक जागा आणि एक किस्सा. आयुष्यात तिने कधी किस्सा सोडला नव्हता. "अगो, त्या दिवशी तर काय मज्जा. हा डेरिक आला बाजारात, आठवतंय मावशी? बुटांना पानी लागेल म्हनून असा टाचांवर चालत. आमाला बोलला, मम्मीची कंबर गेली, ती उद्यापासून येनार नाय, तिला काय बोलू नका, वाईट वाटेल. आनि त्याच्या मागे बघते तर मार्था! बोंबलाचा भरलेला टोप एकटीने उचलून टेम्पोत टाकते. एकटीने! मी मावशीला बोलले, पोराला दिसत नाय की काय. आठवडाभर हसलो आमी. टोप उचलून म्हनायचो, बाय, माझी कंबर..."

ती थांबली. हात हळूच मागे घेतले. पण उशीर झाला होता.

मार्था डेरिककडे बघत होती. डेरिकला तिच्याकडे बघायचं नव्हतं, पण कॉलरमुळे मान वळेना, म्हणून तो समोरच बघत राहिला.

"तू बाजारात आलावतास?" मार्थाने विचारलं.

"बँकेत जाताना सहज."

"मना सांगितलं नाय."

"त्यात सांगण्यासारखं काय? तुझ्या तब्येतीची काळजी..."

"तवा माझी तब्येत काय झालती?"

मार्थाने डोळे मिटले आणि मागे गेली. खरंच, कधी गेली कंबर? पहिल्या भेटीत डॉक्टरने विचारलं होतं, "किती दिवसांपासून दुखतंय?" पण विचारताना तो बघत होता डेरिककडे, आणि डेरिकने सांगितलं होतं, "मच्छीचा धंदा करायची तेव्हापासून." मार्थाने मान हलवली होती. शिकलेली दोन माणसं तिच्या कमरेबद्दल एवढ्या खात्रीने बोलत होती, की तिला वाटलं, असेल. मग तिने ते इतक्या लोकांना सांगितलं, की तसंच आठवायला लागलं.

पण तसं नव्हतं. "पुरे झाले कष्ट, मम्मी, आता घरी बस," असं डेरिक म्हणाला, म्हणून ती धडधाकट कमरेने घरी बसली होती. धंदा बंद झाल्यावरही ती तीनलाच उठायची. करायला काही नसायचं. बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खालचे दिवे बघायची. एके दिवशी उजाडलं आणि तिला त्या खुर्चीतून उठता येईना. बेनेडिक्टला वाटलं ती जपमाळेवर तेर्स म्हणतेय, म्हणून त्याने शेवटपर्यंत थांबून मगच चहा मागितला. तो कमरेच्या दुखण्याचा पहिला दिवस. पाट तेव्हा कधीचा सोफ्याखाली गेलेला होता.

"आधी धंदा बंद झाला," मार्था सावकाश म्हणाली. "कंबर नंतर गेली."

"म्हणजे डॉक्टर बरोबर बोलला," प्रिसिलाने उशी घट्ट धरली. "मनाचंच आहे. नाटक म्हणजे."

"नाटक? ये, माझ्या कमरेत बस जरा. दुखतं ते कमरेतच, गे. रात्री कूस बदलताना देव दिसतो. आनि मनाचं असेल तर मनाला काय झालंय ते नको इचारायला? त्याने नाय इचारलं. तुमी पन नाय इचारलं. तुमी घरं मोजत बसलाव, कुठल्या घरी दुखते."

"मी काही म्हटलं का?" बेनेडिक्ट म्हणाला.

"तू झोपला होतास."

हे सगळ्या अर्थांनी खरं होतं, म्हणून बेनेडिक्टने पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. तो गुडघा दुखत नव्हता.

"डेरिक बाजारात गेला त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग होती," रिचेल म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात अजून बोंबलांची पिशवी. आवाज मोठा नव्हता.

"रिचेल, तू चहाचं बघ," डेरिक म्हणाला.

"चहा झालाय. मम्मींच्या पाटीतून लिफ्टमध्ये पाणी सांडलं होतं. शेजारच्या सदानंदकाकांच्या मनोरमाकाकू त्यावरून घसरून खाली बसल्या. लागलं काही नाही, पण साडीला वास लागला. मीटिंगमध्ये तोच विषय. आणि डेरिक तेव्हा खजिनदारासाठी उभा होता."

"निवडून आला?" थेरेसाने विचारलं.

"बिनविरोध," रिचेल म्हणाली.

क्लेमेंटीनचे डोळे चमकले. हा किस्सा जागेपेक्षा मोठा होता. पण ती पहिल्यांदाच जीभ दाताखाली धरून बसली. प्रिसिलाने मात्र खुर्ची भावाच्या बाजूने काढून आईच्या बाजूला ओढली, उशीसकट. "वास? आपल्या घरात वास? ज्या मच्छीवर तुझी बी.कॉम.ची फी भरली तिचा?"

"तू मधे बोलू नकोस. तुला तिला राजोडीला न्यायचंय फुकटात भांडी घासायला."

"निदान मी कमरेचं खोटं नाही सांगितलं."

"मी खोटं नाही सांगितलं. मी..." डेरिकने कॉलरमध्ये बोट घातलं. "वय झालंय तिचं. आज ना उद्या दुखलीच असती. मी जरा आधी सांगितलं इतकंच. आणि आता दुखतेय की नाही? दुखतेय. मग वाद कशाचा? क्लेमेंटीनमावशी, पाट घ्या तुम्ही. मम्मी, देऊन टाक. तुझ्या भल्यासाठीच..."

मार्था उठायला लागली. कळ निघालीच. सगळं कळलं म्हणून कंबर काही लगेच माफ करणारी नव्हती. तिने एका हाताने सोफ्याची कड धरली, दुसऱ्या हातात पाट, तोंडातून सेंट अॅनचं नाव निघालं आणि त्याच्या जोडीला बाजारातला एक शब्द. रिचेल पुढे आली. मार्थाने तिला थांबवलं नाही. सुनेच्या खांद्यावर भार टाकून ती सरळ उभी राहिली आणि डेरिकच्या समोर गेली.

"क्लेमेंटीन, तुझी सून चांगली हाय. तिचा मना राग नाय. पन हात खाली ठेव." मग ती थेरेसाकडे वळली. "मावशी, धंदा सोडलेल्या बाईने कारन सांगायचं, असंच ना?"

"असंच."

"मी सोडला नाय. सोडवला यानं. मंग कारन हा सांगेल."

थेरेसाने विचार केला. असं कधी झालं नव्हतं, पण नियमात बसत होतं. तिने मांडी नीट घातली, पदर सारखा केला आणि डेरिककडे तोंड केलं.

"मम्मी, हे काय चाललंय?" डेरिक म्हणाला. "लोकांसमोर?"

"लोकांसमोरच सांगितलंस ना तवा? बुटं वाचवून? आता पन सांग. दोन बाया बसल्या हायत, तुझा बाप हाय, बहीन हाय, बायको हाय. वास येत होता तर वास बोल. लाज वाटत होती तर लाज बोल. खुर्ची हवी होती तर खुर्ची बोल. मी मारनार नाय, वाकताच येत नाय मना. पन कमरेचं नाव घेऊ नको, ती तवा धड होती." तिने पाट छातीशी धरला. "बोल, डेरिक. माझा धंदा का बंद केलास?"